माळ्यावरचे आकाश

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घेण्याची जी वहिवाट शनिवार पेठेतील कौलारू वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, तिच्यात धर्मविधीचा अंश म्हणून काहीच नव्हता. तरीपण त्या दिवशी घरात जी एक गंभीर लगबग चाले, ती मला श्राद्धाच्या दिवसाच्या लगबगीहून फारशी निराळी वाटत नसे. पहाटेच माळ्याला शिडी लागे, बायका लोणच्याच्या बरण्या वळचणीपासून दूर सरकवीत, मिस्त्री व त्यांचे दोन गडी पाख्यावर चढून फुटक्या कौलांची मोजदाद करीत, आणि आमचे चुलते, ज्यांना सारा वाडा नाना म्हणे, चौकात उभे राहून वर पाहत असे हुकूम सोडीत की ज्यांपैकी एकही आढ्यापर्यंत पोचत नसे. आमचा वाडा ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या एका बोळात होता. या पेठेचे पूर्वीचे नाव मुर्तजाबाद, हे नाना येणाऱ्या-जाणाऱ्यास आवर्जून सांगत. सरकारी दप्तरात तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणत्याही वस्तूचे जुने नाव ठाऊक असणे म्हणजे त्या वस्तूवर निम्मा कब्जा असणे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी माळ्याचा बंदोबस्त हाती घेतला. माळा म्हणजे दिवाणखान्याच्या कडीपाटाच्या वर आणि कौलांच्या खाली उरलेली ती ठेंगणी, तिकोनी पोकळी, जिच्यात मोठ्या माणसाला केवळ आढ्याखालीच ताठ उभे राहता येई. तिच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, आढ्याच्या लगत खाली, एकेक लाकडी चौकटीचा झरोका होता, आणि वळचणीला भिंतीचा माथा व वासे यांच्यामध्ये चार चार बोटे फट सोडलेली होती. झरोक्यांतून पारवे येत, पारव्यांमागून काड्या, पिसे आणि घाण येई, आणि नानांना एवढे कारण पुरेसे होते. त्यांनी दोन्ही झरोके विटा-चुन्याने बुजविले, वळचणीच्या फटींत चिंध्या कोंबून वरून पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, आणि जागा एकदाची सुरक्षित झाली असे जाहीर करून, आयुष्यभर साठविलेली आपली कागदपत्रे तांबड्या खारव्याच्या रुमालांत बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत रचून टाकली.

त्यानंतरच्या वैशाखांत दिवाणखान्यात दुपारी बसवेना. श्रावणात अंथरुणांना कुबट वास येऊ लागला, आणि एके वर्षी कडीपाटाच्या फळीवर राखेसारखी पांढुरकी बुरशी उमटली. चौथ्या वर्षी मिस्त्री शाकारणीला आले, तेव्हा कौले उतरवता उतरवता ते एकाएकी थांबले, खाली माळ्यात आले, आणि त्यांनी कमरेची पटाशी काढून आढ्याच्या पोटाला लावली. हातोडीचा ठोका न घालताच ती शिजलेल्या सुरणात शिरावी तशी बोटभर आत शिरली. लाकडाला उभे-आडवे तडे जाऊन त्याचे लहान लहान चौकोनी तुकडे झाले होते, आणि चिमटीत धरताच त्यांची तपकिरी भुकटी होत होती.

‘‘पावसानं न्हाई गेलं ह्ये, नाना,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘हितलं एक कौल फुटल्यालं न्हाई. आडं कोंडून गेलंय.’’

‘‘कोंडून म्हणजे?’’ नाना म्हणाले. ‘‘रिकामी जागा होती ती, मिस्त्री. रिकामी होती म्हणून भरली. रिकाम्या जागेचं दुसरं करायचं काय असतं?’’

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. पटाशी धोतराला पुसून ते पुन्हा पाख्यावर गेले. परंतु त्या वर्षी मी एका शास्त्रीबुवांकडे ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्याचा दुसरा अध्याय वाचीत होतो, आणि नानांनी चिडून विचारलेला हा प्रश्न माझ्या मनात असा काही रुतून बसला की, त्यानंतर तो प्रश्न भाष्यातला की आमच्या माळ्यावरचा, हे मला नीटसे सांगता येईनासे झाले. रिकामी जागा म्हणजे काय? ती एक वस्तू आहे, की इतर वस्तूंचा केवळ अभाव?

मिस्त्रींच्या म्हणण्यातील पदार्थविज्ञान थोडक्यात सांगण्यासारखे आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढचे बोलणे वाऱ्यावर जाईल. उन्हाने कौले तापतात, त्यांच्याखालची हवा तापून हलकी होते आणि आढ्याकडे चढते; तिथे तिला वाट मिळाली तर ती निघून जाते, आणि तिच्या जाण्यानेच वळचणीच्या फटींतून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. वाट न मिळाल्यास तीच हवा साचून कडीपाटातून खाली घरावर दाबू लागते. पावसाळ्यात हेच गणित ओलाव्याचे होते. चुलीवरचे आधण, न्हाणीतला बंब, दांडीवर वाळत घातलेली धोतरे आणि घरातील पंधरा-वीस माणसांचा श्वास, या सर्वांची वाफ वर चढून माळ्यात जाते, रात्री गार पडलेल्या कौलांच्या व पत्र्यांच्या पोटाला लागून तिचे पाणी होते, आणि ते लाकडात मुरते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला त्या लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाहून अधिक ओल लागते; तेवढी मिळाली आणि टिकली की ती लाकडातील बळ खाऊन मागे तपकिरी, चौकोनी तड्यांचा सांगाडा तेवढा ठेवते. भिजणे हा लाकडाचा मृत्यू नव्हे; नावा शेकडो वर्षे भिजत आल्या आहेत. भिजल्यानंतर वाळता न येणे, हा आहे. जुन्या नळीच्या कौलांतून शेकडो फटी असत, आणि बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढून जी चपटी, खाचेची कौले रूढ केली, त्यांच्या सांध्यांतूनही थोडा वारा खेळतोच. परंतु खाली पत्रा ठोकून आणि वर चुना भरून माणसाने मनावर घेतले, तर कोणतेही छप्पर गुदमरविता येते.

पुढे एका स्नेह्याने अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांचे पुस्तक दाखविले, त्यात याचा चक्क हिशेब मांडलेला होता: माळ्याच्या दर १५० चौरस फूट क्षेत्रामागे १ चौरस फूट मोकळी वाट हवी, आणि ती वाट जर निम्मी वर व निम्मी खाली अशी समतोल विभागलेली असेल, तर ३०० फुटांमागे १ फूटही चालेल. आमचा माळा सुमारे ६०० फुटांचा होता. म्हणजे वर एक फूट आणि खाली एक फूट. कुणा अनाम गवंड्याने ठेवलेले ते दोन झरोके आणि त्या फटी याहून कमी भरत नव्हत्या. मला यात आकड्यापेक्षा ती सवलत अधिक विचार करण्याजोगी वाटली. भोके कितीही मोठी असली तरी ती सगळी एकाच उंचीवर असतील तर वारा आळसावतो. येण्याची वाट खाली आणि जाण्याची वाट वर असेल, तर निम्म्या भोकांत काम होते. ज्याला आपण मोकळीक म्हणतो, तिलाही काही एक दिशा लागते तर!

आता आकाशाकडे वळतो. आपल्याकडील नैयायिकांना या प्रश्नाचे ओझे कधीच वाटले नाही. त्यांच्या लेखी आकाश हे एक, नित्य व सर्वव्यापी द्रव्य असून शब्द हा त्याचा गुण होय. खरी झुंज आहे ती बौद्धांशी. त्यांच्यातील वैभाषिक आकाशाची व्याख्या अनावृति अशी करतात, म्हणजे जे आडवे येत नाही ते. आणि सौत्रांतिक याहून पुढे जाऊन म्हणतात की, आडवे येण्याजोगे काही नसणे एवढेच ते, त्यापलीकडे आकाश नावाची चीज नाही. नाना आयुष्यभर संध्या करणारे स्मार्त ब्राह्मण होते. परंतु माळ्याच्या बाबतीत ते कट्टर सौत्रांतिक होते, हे त्यांना कुणी सांगितले असते तर त्यांनी प्रायश्चित्त घेतले असते.

शंकराचार्यांनी दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात या मताला जे उत्तर दिले आहे, त्यात इतर युक्तिवादांबरोबर एक पक्षी आहे. आकाश म्हणजे आवरणाचा निव्वळ अभाव असे मानले, तर एक पक्षी उडू लागताच त्याचा देह हेच एक आवरण झाले. मग आकाश नाहीसे झाले, आणि दुसऱ्या पक्ष्याला उडावयास जागा उरली नाही. यावर प्रतिपक्षी म्हणेल की, जिथे आवरण नाही तिथे तो उडेल. तर आचार्य विचारतात की, ‘जिथे’ हा शब्द तुम्ही कशाविषयी उच्चारला? ज्याच्या योगाने आवरणाचा अभाव इथे आहे आणि तिथे नाही असा भेद तुम्हाला करता येतो, ते भावरूप काही तरी तुम्ही आधीच कबूल केलेले आहे, आणि तेच आकाश. शिवाय तुमच्याच परंपरेत, वायू कशाच्या आधाराने राहतो या प्रश्नाला आकाशाच्या आधाराने असे बुद्धाचे उत्तर आहे. जे मुळात नाहीच, ते वाऱ्याला आधार कसे देईल?

हे उत्तर प्रथम वाचले तेव्हा मला ते केवळ वकिली वाटले होते. माळ्यावर उभा राहून पटाशी आढ्यात शिरताना पाहिल्यावर मात्र, त्यातील वायूचा आधार हा शब्दप्रयोग मी निराळ्या कानांनी ऐकला. रुमालांनी भरलेल्या माळ्यात हवा नव्हती असे नाही. ती होती, पण वारा नव्हता. वाऱ्याला वाहण्यासाठी जे लागते, ते नानांनी तांबड्या खारव्यात बांधून ठेवले होते. तैत्तिरीय उपनिषदात सृष्टीचा जो क्रम सांगितला आहे, त्यात आकाशापासून वायू झाला असे म्हटले आहे. हे वाक्य लहानपणी मला जगाच्या आरंभाचा इतिहास वाटे, पण छपराखाली ते रोज घडते. जे एक काम करते, ज्याच्या असण्याने आढे जगते आणि ज्याच्या नसण्याने मरते, त्याला अभाव म्हणण्याचे धाडस मला त्या दिवसानंतर झाले नाही.

तथापि न्याय सर्वांना मिळाला पाहिजे. आचार्यांनी या ठिकाणी प्रतिपक्षाला थोडे घाईने गुंडाळले आहे, असे माझे नम्र मत आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशातून वैभाषिकांचा पक्ष वाचला, तर ते आकाशाला शून्य म्हणून टाकून देत नाहीत. उलट ते त्याला कशापासूनही न घडलेला असा एक खरा धर्म मानतात, आणि त्याशिवाय आकाशधातू म्हणून एक निराळी गोष्ट सांगतात, ती म्हणजे दार, वातायन, मुख, नासिका यांतील पोकळी. तिला ते उजेड आणि अंधार यांचेच रूप समजतात. घराचे झरोके आणि माणसाची नाकपुडी यांना एका ओळीत बसविणाऱ्या या पंडितांना पोकळीची किंमत कळली नव्हती, असे म्हणवत नाही. आणि वातायन हा शब्दच पाहा! आपण खिडकी म्हणताना पाहण्याचा विचार करतो. संस्कृताने तिचे नाव वाऱ्याच्या येण्याजाण्यावरून ठेवले. पुण्याहून फार दूर नसलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जो कुणी गेला असेल, त्याने प्रवेशद्वारावरचे ते प्रचंड अश्वनालाकृती गवाक्ष आणि आतल्या दगडी कमानीला बसविलेल्या लाकडी फासळ्या पाहिल्या असतील. त्या फासळ्यांचा छताला काडीचाही आधार नाही, छत अखंड खडकाचे आहे. लाकडी घरांची सवय असलेल्या कारागिरांनी आठवण म्हणून त्या बसविल्या. सुमारे दोन हजार वर्षे ते लाकूड तिथे आहे, आणि आमच्या सागाच्या आढ्याला चार वर्षे पुरली.

शास्त्रीबुवांना मी हे सारे सांगितले, तेव्हा ते हसले, आणि माझ्या वादविवादात न पडता त्यांनी मला ऐतरेय उपनिषद काढावयास सांगितले. त्यात अशी कथा आहे की, लोक आणि लोकपाल निर्माण करून झाल्यावर, इंद्रियांची आपापल्या स्थानी नेमणूक करून झाल्यावर, आत्म्याने विचार केला की, मी या देहात कोणत्या वाटेने प्रवेश करावा. आणि मग जिथे केसांचा भांग पडतो ती माथ्याची सीमा विदारून तो आत आला. त्या द्वाराला विदृति असे नाव आहे. गीतेत व श्वेताश्वतरात देह हे नऊ दारांचे नगर आहे, कठोपनिषदात ती दारे अकरा होतात, आणि ही वाढ करणारे दोन म्हणजे नाभी व हेच मस्तकरंध्र, असा भाष्यकारांचा खुलासा आहे. संन्याशाला समाधी देताना शंखाने माथा भेदण्याची रीत आहे, ती याच दाराची पुन्हा आठवण. शास्त्रीबुवा म्हणाले, ‘‘तुझ्या मिस्त्रींनी ऐतरेय वाचलेलं नाही, आणि ऐतरेयाच्या ऋषीनं कौलं चढवलेली नसतील. पण आढ्यापाशी भोक हवं, हे दोघांना ठाऊक आहे.’’

मला या मोजणीत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. देहाला नगर म्हणणाऱ्या या ग्रंथांनी त्या नगराची तटबंदी किती जाड, बुरूज किती, खंदक केवढा, याचा तपशील दिला नाही. दिला तो फक्त दारांचा. रक्षण म्हणजे बंद करणे, ही कल्पना आपल्या मनात इतकी मुरलेली आहे की, देवालाही आपण कुलूपवाला समजून हाक मारतो, आणि शांतिपाठ म्हणताना सर्व बाजूंनी काही येऊ नये अशी मनातल्या मनात पुरवणी जोडतो. पण ज्यांनी देहाचा विचार केला त्यांनी तो जिवंत आहे की नाही हे त्यातून काय आत-बाहेर होते यावरूनच ठरविले. प्राण वर जातो, अपान खाली. दोघांपैकी कुणालाही अडविले की वैद्य बोलवावा लागतो, आणि दोघांनाही अडविले की तिरडी.

नानांच्या वागण्यातील विसंगती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, जरी ती सांगताना मी घराण्याच्या अब्रूला थोडा बट्टा लावतो आहे. ज्या वर्षी त्यांनी माळ्याचे झरोके बुजविले, त्याच वर्षी शेजारच्या वाड्याने आपली भिंत उंचावली आणि आमच्या माजघराच्या खिडकीचा वारा अडला. नानांनी तत्काळ दिवाणी दावा लावला. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा, जो मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला, त्यानुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंड व निर्वेध मिळालेला उजेड-वारा हा तिचा हक्क बनतो. नानांनी ती वीस वर्षे साक्षीपुराव्यानिशी शाबीत करण्यासाठी माळ्यावरचे सतरा रुमाल सोडले. सरकारचा कायदा वाऱ्याच्या वाटेला मिळकत समजतो, तिचा दावा चालतो, तिची नुकसानभरपाई मिळते. आणि हा सारा युक्तिवाद तोंडपाठ असलेला इसम त्याच घराच्या डोक्यावरची तीच मिळकत स्वहस्ते बुजवून वर वकिलाकडे जात होता. माणूस परक्याने घेतलेल्या वाऱ्याबद्दल भांडतो. आपण होऊन कोंडलेला वारा त्याच्या जमाखर्चात येतच नाही.

याच पुण्यात याहून शहाणी उदाहरणे होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शहरात जो बंदिस्त नळ आणला गेला, त्याला कोंडलेली हवा सुटावी म्हणून जागोजाग वर तोंडे काढलेली होती, आणि त्यांना नाव दिले होते उच्छ्वास. पाण्याच्या कामावरील माणसांनी हा शब्द योजिला, यात मला जे तत्त्वज्ञान दिसते ते मी वाढवून सांगत नाही. नळ श्वास सोडतो, हे त्यांना उपमा म्हणून सुचले नसावे. कामाच्या जागी तसे दिसले म्हणून तसे म्हटले असावे.

संग्रहाचा दोष मी नानांना देत नाही. माळे संग्रहासाठीच असतात; चिंच, गूळ, पाळणा, लग्नातले पाट, गौरींचे मुखवटे, हे सगळे कुठे जाणार? पण शास्त्रीबुवांची जीभ माझ्यापेक्षा तिखट होती. ते म्हणाले, ‘‘योगसूत्रात अपरिग्रहाचं फळ काय सांगितलंय? की जो अपरिग्रहात स्थिर होतो, त्याला आपल्या पूर्वजन्मांचा वृत्तांत कळतो. तुमच्या नानांनी याच जन्माचा वृत्तांत विसरायला होऊ नये म्हणून साडेतीनशे रुमाल जपलेत. दोघांचं साध्य एकच आहे रे, साधनात काय तो फरक.’’

या सगळ्या विवेचनावर एक आक्षेप येतो, आणि तो किरकोळ नाही. छपराखालची जी पोकळी वाऱ्याला वाट देते, तीच आगीलाही देते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आमच्या पेठेच्या तोंडाशी असलेल्या शनिवारवाड्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात, आणि सहा-सात मजल्यांच्या त्या लाकडी वैभवापैकी तट, दरवाजे व जोती एवढेच उरले. तुळया, कडीपाट आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा, यांनी ज्योतींना मजल्यामागून मजला चढण्यासाठी जिनेच बांधून दिले असतील. तेव्हा पोकळी ही रक्षणकर्ती, असे सरसकट म्हणणे भाबडेपणाचे होईल. इथे मला गौडपादांच्या कारिकांतील घटाकाशाचा दृष्टान्त आठवतो: एका घटातील आकाशात धूळ वा धूर भरला म्हणून सर्व घटांतील आकाश मळत नाही. आकाश धुराने मळत नाही, तसेच ते धुराला अडवीतही नाही. त्याला बाजू नाही. वारा यावा आणि आग येऊ नये, पारवा येऊ नये आणि नदीवरची झुळूक यावी, ही निवड आकाश करीत नाही. ती चौकट बसविणाऱ्याने करायची असते, आणि दर वर्षी करायची असते. म्हणूनच मला असे वाटते की, आकाश भावरूप आहे हे मान्य करूनही त्याची पूजा करण्यात अर्थ नाही. त्याची शाकारणी करावी लागते.

मिस्त्रींनी तीच केली. सडलेले आढे उतरवून नवे सागाचे चढविले, झरोक्यांच्या विटा काढून चौकटींना जाळी बसविली, वळचणीच्या पट्ट्या उपटून टाकल्या. रुमाल हलविण्याचे मात्र नानांनी साफ नाकारले. अखेर दोघांत असा तह झाला की, रुमाल फळ्यांवर उचलून ठेवावेत, वळचणीपासून हातभर आणि आढ्यापासून पुरुषभर अंतर राहावे, आणि मधून एक माणूस चालेल एवढी वाट असावी. ‘‘माणूस चालंल तितनं वारं चालतंय,’’ मिस्त्री म्हणाले. पुढल्या वैशाखात दिवाणखान्यात पुन्हा दुपारची झोप मिळू लागली. चार-पाच वर्षांत एका झरोक्याची जाळी गंजून निसटली, आणि पारव्यांची एक जोडी परत आली. नाना तेव्हा थकले होते, त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या दिवशी पाणी आमच्या बोळात शिरले, ओटा गेला, माजघर गेले, आणि दुपारी ते दिवाणखान्याच्या जिन्याला लागले, तेव्हा वाड्यातील तिन्ही बिऱ्हाडे मिळून आम्ही चौदा माणसे माळ्यावर चढलो. नानांना दोघांनी उचलून आणले. चौदा माणसांचे ओले कपडे, रडणारी दोन मुले, रॉकेलचा एक कंदील आणि साडेतीनशे रुमाल, एवढ्यांना त्या पोकळीने कसे सामावून घेतले कोण जाणे. झरोक्यातून खाली तांबडे पाणी आणि त्यावरून जाणारी दारे, पाटी, एक ट्रंक दिसत होती. पारवे बाहेर गेले नाहीत. चौकटीत दोघेही अंग चोरून बसले होते, आणि मधूनच एक आत येऊन आमच्या डोक्यांवरून आढ्याच्या कडेने उडे, मग दुसरा उडे, आणि पुन्हा दोघे चौकटीत. मला आचार्यांचा पक्षी आठवला नाही. तो पुढे बऱ्याच दिवसांनी आठवला. त्या वेळी मी फक्त नाना काय करताहेत ते पाहत होतो. ते रुमालांना पाठ टेकून झरोक्याकडे तोंड करून बसले होते, आणि वारा लागावा म्हणून त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली होती.

रात्री पाणी ओसरले. खालच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या; वाडा उभा होता तो लाकडी खांबांच्या भरवशावर, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो राहण्यास अयोग्य ठरविला. पेठेत त्या वर्षी असे कितीतरी वाडे उतरविले गेले. त्यांच्या जागी ज्या सपाट गच्चीच्या इमारती उठल्या त्यांना माळा नाही, म्हणून त्यांच्याविषयी मला बोलावयाचे नाही. आमच्या वाड्याचे लाकूड एका वखारवाल्याने एकरकमी घेतले. त्याने आढे आडवे टाकून दोन्ही टोकांना नखाने टोकरून पाहिले, मग अंगठ्याने, मग खिशातून चाकू काढून. आणि चाकूचे टोक आत जाईना तेव्हा नानांकडे न पाहता त्याने आपल्या वहीत आकडा बदलला.